काळ्या पडद्यावरची पुरणपोळी

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर आवरताना माळ्यावरून एक लॅपटॉप खाली आला. २ जीबी मेमरी, आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. विंडोज उठून कामाला लागेपर्यंत चहा करून, पिऊन, कपबशी विसळून व्हायची. भंगारात द्यायचं जवळजवळ ठरलंच होतं, पण पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षात शिकणारी माझी भाची आडवी आली. "मावशी, ह्याच्यात नुसती कमांड लाइनवाली, म्हणजे आज्ञा लिहून चालवायची सिस्टीम टाकूया ना. माउस नाही, आयकॉन नाही, काहीच नाही."

एक रविवार त्यात गेला. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात पडदा म्हणजेच कॉम्प्युटर असतो. खिडक्या, चित्रं, कोपऱ्यातलं घड्याळ, कचऱ्याची टोपली हे सगळं नसेल तर मशीनमध्ये उरलं काय, असं वाटतं. जवळजवळ सगळंच उरतं. त्या खिडक्या रंगवणारे प्रोग्राम इतर प्रोग्रामसारखेच असतात. त्यांच्या खाली कर्नल नावाचा गाभा असतो. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवर कुठे लिहायचं, कळफलकावरचं बोट कुणाला कळवायचं, हे तो ठरवतो. लिनक्स नावाच्या सिस्टीममध्ये वरचा रंगीत थर मुळात बसवलाच नाही तरी सिस्टीम अपुरी राहत नाही. इंटरनेटवरचे असंख्य सर्व्हर असेच चालतात, त्यांना पडदाच जोडलेला नसतो.

आम्ही डेबियन निवडलं. लिनक्सचा गाभा लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीला विद्यार्थी असताना लिहायला घेतला. त्याच्याभोवती बाकीचे प्रोग्राम नीट बांधून देणारा डेबियन हा प्रकल्प इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केला. फुकट मिळतं, आणि इन्स्टॉलर शांतपणे एकेक प्रश्न विचारतो. जुनं मशीन असेल तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, एवढं आधी बघा. २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या पीसीसाठी डेबियनचा इन्स्टॉलर मिळत नाही. आणि हे करण्याआधी लॅपटॉपमधले फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. आम्ही आधी तेच केलं, सकाळ त्यातच गेली.

इन्स्टॉलरची फाइल एक जीबीपेक्षा लहान असते. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवली की सोबत दिलेली ६४ चिन्हांची ओळख ताडून पाहायची. फाइलमधला एक बिट जरी वाटेत बदलला तरी ती ६४ चिन्हं पार वेगळी येतात. त्यामुळे अर्धवट उतरलेली फाइल लगेच पकडली जाते. हा दोन मिनिटांचा खटाटोप पुढचा तासभराचा मनस्ताप वाचवतो.

यानंतर नवख्यांची नेहमीची चूक होते. भाचीनेही ती केली: फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली आणि लॅपटॉपला लावली. लॅपटॉपने ढुंकून पाहिलं नाही. कारण कळण्यासाठी मशीन चालू होताना काय घडतं ते पाहावं लागतं.

बटण दाबलं त्या क्षणी मेमरी रिकामी असते. प्रोसेसरला ना डेबियन माहीत, ना विंडोज. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा असतो, तो आधी जागा होतो. आपल्या लॅपटॉपसारख्या जुन्या मशीनमध्ये त्याला बायॉस म्हणतात. फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, हे बायॉसला कळत नाही. त्याला एकच रिवाज ठाऊक: डिस्कच्या अगदी पहिल्या खणातले ५१२ बाइट उचलायचे, शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण आहे का बघायची, आणि असेल तर कारभार त्यांच्या हाती द्यायचा. त्या ५१२ पैकी ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांचा तक्ता ठेवायला जातात. प्रोग्रामला उरतात जेमतेम ४४६. हा परिच्छेदही तेवढ्यात मावणार नाही. एवढ्या जागेत सगळी सिस्टीम उठवणं शक्य नाही, म्हणून तो फक्त आपल्याहून मोठ्या भावाला हाक मारतो. त्या भावाचं नाव ग्रब. ग्रबला फाइली वाचता येतात. तो कर्नल शोधून मेमरीत आणतो, कर्नल डिस्क आणि कळफलक ओळखतो आणि पहिला प्रोग्राम सुरू करतो. पुढची सगळी कामं त्या पहिल्या प्रोग्रामची लेकरं. नव्या मशीनमध्ये बायॉसच्या जागी यूईएफआय असतं आणि त्याला साध्या पद्धतीच्या फाइली वाचता येतात. पण धाकट्याने थोरल्याला उठवायचं, ही रीत तीच.

आता भाचीची चूक दिसते. कॉपी केल्यावर इन्स्टॉलर पेनड्राइव्हच्या मधोमध कुठेतरी एक फाइल म्हणून पडून राहतो. पहिल्या खणात तो नसतोच. बलेना एचरसारखा प्रोग्राम ती फाइल पेनड्राइव्हवर पहिल्या बाइटापासून जशीच्या तशी उतरवतो. तसं केल्यावर, सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबून (कंपनीप्रमाणे एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप) पेनड्राइव्ह निवडला आणि इन्स्टॉलर उठला.

भाषा, देश, कळफलक हे प्रश्न पटापट जातात. नेटसाठी पहिल्या वेळी वायफायपेक्षा राउटरची केबल सरळ लावावी, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. मुख्य प्रशासकाचा पासवर्ड रिकामा सोडला की तुम्ही बनवलेल्या पहिल्या खात्यालाच प्रशासकाची कामं करायची परवानगी मिळते. घरच्या मशीनसाठी मला ही सोय बरी वाटते.

मग येते डिस्कची वाटणी, आणि बहुतेकांचा हात इथे थरथरतो. तो थरथरावाच. आमच्या बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत मी लहानपणापासून जाते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, त्याचं हे केंद्र. लोखंडी मांडण्या आणि उजेड खाली झिरपावा म्हणून काचेची जमीन, असं तिथलं पुस्तकांचं दालन. मांडण्या लाखमोलाच्या, पण कोणतं पुस्तक कुठल्या कप्प्यात हे सांगणारी कार्डं नसती तर ती पुस्तकं असून नसल्यासारखी. डिस्कचंही तसंच आहे. तिच्यावर नुसते क्रमांक घातलेले कप्पे असतात. कोणत्या फाइलचे तुकडे कुठल्या कप्प्यांत आहेत याची कार्डं म्हणजे फाइल सिस्टीम. डेबियन नेहमी वापरतं त्या पद्धतीचं नाव ईएक्सटी-४. फॉरमॅट करणं म्हणजे जुनी कार्डं फेकून कोऱ्या कार्डांचा खण बसवणं. हार्ड डिस्कवर त्या वेळी जुनी पुस्तकं बहुतेक जागच्या जागीच असतात, म्हणून चुकून फॉरमॅट झालेल्या डिस्कमधून जाणकार कधीकधी फोटो परत काढू शकतात. पण नवी सिस्टीम त्याच कप्प्यांत आपली पुस्तकं लावू लागली की जुनी गेलीच. भाचीने 'पूर्ण डिस्क वापरा' निवडलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि एंटर दाबलं.

शेवटाकडे एक यादी येते: कोणकोणते संच हवेत? डेस्कटॉपच्या, म्हणजे त्या खिडक्या-चित्रांच्या थराच्या, नावापुढे आधीच फुली असते. ती स्पेसच्या कळीने काढायची असते. घाईत एंटर दाबलं तर यादी तशीच मंजूर होते आणि ज्याला टाळायला निघालो तोच डेस्कटॉप उतरू लागतो. आम्ही फक्त दोन फुल्या ठेवल्या, नेहमीची उपकरणं आणि एसएसएच सर्व्हर. दुसरी का ठेवली ते पुढे कळेल.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. काळा पडदा, वर एक ओळ, लुकलुकणारी रेघ. नाव टाकलं. पासवर्ड टाकताना मात्र भाची थबकली, "मावशी, कीबोर्ड बिघडला." बिघडला नव्हता. इथे पासवर्ड लिहिताना ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, म्हणजे शेजारी उभ्या माणसाला अक्षरं किती तेही कळू नये. डोळे मिटून लिहायचं आणि एंटर दाबायचं. आत गेल्यावर मेमरी पाहिली तर सगळी सिस्टीम मिळून २०० एमबीसुद्धा वापरत नव्हती. बाकी सगळी मोकळी.

या आज्ञा इतक्या तोकड्या का, असं तिने विचारलं. फाइलींची यादी हवी तर एल आणि एस, कॉपीला सी आणि पी. लिनक्सने या आज्ञा युनिक्स नावाच्या जुन्या सिस्टीमकडून घेतल्या. युनिक्सचा जन्म १९६९ सालचा, बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून. तेव्हा माणूस आणि मशीन यांच्यामध्ये पडदा नव्हता, टेलिटाइप होता: कागदाच्या रोलवर खडखडत छापणारा टाइपरायटर. त्या काळचं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं. दोन अक्षरांत काम भागत असेल तर सहा का लिहा? काम नीट झालं की काहीच न बोलण्याची सवयही त्याच वळणाची. कॉपीची आज्ञा दिली आणि नुसती रेघ परत लुकलुकू लागली तर काम झालेलं असतं. बोलणं आलं तर समजावं, काहीतरी अडलं आहे.

संध्याकाळी भाचीला सुचलं की यात आजीच्या पाककृती ठेवायच्या. आता त्या एसएसएचची गरज लागली. त्याच्या जोरावर घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून या लॅपटॉपला आज्ञा देता येतात. तिने तिकडून मराठीत एक फाइल बनवली, नाव दिलं पुरणपोळी. मग जुन्या लॅपटॉपसमोर येऊन यादी मागवली. पडद्यावर नावाच्या जागी नुसत्या अगम्य खुणा. "गेली फाइल," ती म्हणाली. चेहरा पडला होता.

लिनक्सच्या त्या काळ्या पडद्याकडे एका वेळी फार तर ५१२ अक्षरचित्रं असतात, आणि प्रत्येकाला एकसारखी चौकट. आपली लिपी चौकटीत बसत नाही. 'कि' लिहिताना आधी क साठवला जातो आणि मग वेलांटी, पण डोळ्यांना वेलांटी आधी दिसायला हवी. जोडाक्षरांत दोन अक्षरं मिळून तिसरंच रूप होतं. ही जुळवाजुळव करणारा कुणी त्या पडद्यामागे नसतो. म्हणूनच डेबियनच्या चित्रमय इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडता येते, साध्या अक्षरी इन्स्टॉलरच्या यादीत ती नसते. मला याचं वाईट वाटतं.

पण फाइल गेली नव्हती. डिस्कच्या त्या कार्डांवर नाव चित्राच्या रूपात नसतं, आकड्यांच्या रूपात असतं. पुरणपोळी या शब्दात आपल्याला पाच अक्षरं दिसतात. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना आकडे देणाऱ्या यादीच्या, हिशेबाने मात्र काना-मात्रा धरून आठ चिन्हं होतात, आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे २४ बाइट. ईएक्सटी-४मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटांपर्यंत जागा असते, त्यामुळे ८५ देवनागरी चिन्हांचं नाव सहज मावतं. यूटीएफ-८ रॉब पाइक यांच्यासोबत १९९२ साली रचणारे तेच केन थॉम्पसन. त्यांनी जुन्या इंग्रजी अक्षरांचे बाइट तसेच ठेवले आणि बाकीच्या लिप्यांसाठी जुने प्रोग्राम अडखळणार नाहीत असे बाइट निवडले. लिनक्सचा गाभा फाइलच्या नावात फक्त दोन बाइटांना हरकत घेतो, तिरकी रेघ आणि ज्याची किंमत शून्य तो बाइट. बाकी काय लिहिलंय, कुठल्या लिपीत, हे तो विचारत नाही. आहे तसं जपून ठेवतो.

भाची दुसऱ्या लॅपटॉपकडे गेली, तीच दोन अक्षरं लिहून एंटर दाबलं. पुरणपोळी. काना, मात्रा, वेलांटी जागच्या जागी. मग नावाचे बाइट मोजायची आज्ञा दिली आणि २४ आले तेव्हा तिने हाताच्या बोटांवर पुन्हा एकदा मोजून पाहिले.

जुना लॅपटॉप आता राउटरशेजारी फडताळात असतो. झाकण मिटलं की त्याने झोपू नये म्हणून सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ बदलावी लागली. झाकण तेव्हापासून उघडलेलं नाही. आत चव्वेचाळीस पाककृती झाल्या आहेत, आणि परवा आईने फोनवरून उंधियूचीही सांगितली.