आपली संस्था नेमकी कोणत्या घरातली? न्यास, सोसायट्या आणि मंडळांच्या पदाधिकाऱ्यांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

संस्थांची नोंदणीची आणि कागदपत्रांची कामं करणाऱ्या आमच्या कार्यालयात आठवड्याला दोन-चार जण तरी फाइल घेऊन येतात आणि म्हणतात, "आमचा एक ट्रस्ट आहे, त्याचं काम होतं." फाइल उघडली की कधी ट्रस्ट (म्हणजे न्यास) निघतो, कधी सोसायटी, बहुतेक वेळा दोन्ही. एकदा तर त्यातून पतसंस्थेचं प्रमाणपत्र निघालं होतं. येणाऱ्याची यात चूक नसते. "संस्था" या एका शब्दाखाली महाराष्ट्रात इतकं काही नांदतं की पदावर दहा वर्षं काढलेल्या माणसालाही आपलं घर कोणतं ते सांगता येत नाही. आणि घर कळल्याशिवाय त्याचे नियम कळत नाहीत. म्हणून हे पत्रक.

केवढा पसारा आहे हा

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २००८ पर्यंत नोंदल्या गेलेल्या ना-नफा संस्थांची मोजदाद केली होती. देशभरात सुमारे ३१.७ लाख संस्था भरल्या. त्यात पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, ४.८ लाख. मागोमाग तेव्हाचा अखंड आंध्र प्रदेश आणि उत्तर प्रदेश. १९७० पर्यंत देशात नोंदलेल्या संस्था दीड लाखही नव्हत्या. २००० नंतरच्या थोड्याच वर्षांत त्यात अकरा लाखांहून अधिक भर पडली.

महाराष्ट्र पुढे का? इथे समाजकार्याची परंपरा मोठी, हे खरंच. पण एक कारण कायद्यातही आहे. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा (आधी त्याच्या नावात मुंबई होतं, आता महाराष्ट्र आहे) सार्वजनिक न्यासाला नोंदणी सक्तीची करतो. गावचं देऊळ, धर्मशाळा, पांजरपोळ, शिष्यवृत्तीचा छोटा निधी, सगळ्यांची नावं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या नोंदवहीत येतात. अनेक राज्यांत असा कायदाच नाही, त्यामुळे तिथले असे न्यास मोजणीत दिसतच नाहीत.

त्याच मोजदादीतली दुसरी गोष्ट मात्र आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. सुमारे २२.४ लाख संस्थांचा प्रत्यक्ष पत्त्यावर जाऊन शोध घेतला, तेव्हा सापडल्या जेमतेम सात लाखांच्या आसपास. बाकीच्या बंद पडल्या असतील, जागा बदलली असेल, किंवा कुणाच्या तरी घराचा पत्ता दिलेला आणि ते घरच पडलं असेल. वहीत नाव आहे, पण हाक मारली तर "ओ" द्यायला कुणी नाही.

वहीतली अक्षरं

आपल्या नोंदणी क्रमांकाच्या आधी एक इंग्रजी अक्षर असतं, ते बघा. ए म्हणजे हिंदू धार्मिक न्यास. बी मुस्लिम, सी पारशी. ई म्हणजे धर्मादाय न्यास: दवाखाना, शिष्यवृत्ती, अन्नदान अशा कामांसाठी विश्वस्तांनी चालवलेला. एफ म्हणजे सोसायटी, म्हणजे किमान सात जणांनी एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली काढलेली संस्था. तिला सभासद असतात, घटना असते, निवडणूक असते.

इथेच खरा गोंधळ होतो. महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखालची सोसायटी १९५० च्या कायद्यानेही सार्वजनिक न्यासच ठरते. म्हणून आपल्याकडे दोन क्रमांक, दोन प्रमाणपत्रं असतात. एक हरवलं तर "दुसरं आहे ना" म्हणून स्वस्थ बसू नका, दोन्ही लागतात.

या घरांबाहेरचेही काही आहेत. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या ना-नफा कंपन्यांचा कारभार कंपनी निबंधकाकडे चालतो. वक्फ मालमत्ता वक्फ मंडळाकडे. शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर या देवस्थानांना स्वतंत्र कायदे आहेत. गोव्यातून विचारणा येते म्हणून सांगतो: तिकडे महाराष्ट्रासारखा विश्वस्त कायदा नाही. देवळांचा कारभार पोर्तुगीज काळातल्या १९३३ च्या देवस्थान नियमावलीने, महाजनांमार्फत, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांमार्फत चालतो. इकडचे नमुने तिकडे चालत नाहीत.

आणि जे या पसाऱ्यात मोडतच नाही ते: गृहनिर्माण सोसायटी, पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाना. त्या सहकारी संस्था. त्यांचा कायदा १९६० चा, निबंधक वेगळा, ऑडिटही वेगळं. नावात "सोसायटी" आहे म्हणून फाइल आमच्याकडे आणू नका, हेलपाटा पडेल.

एकाच छपराखाली कोण कोण

१९१९ साल घ्या. त्या वर्षी मुंबईत सर रतन टाटा ट्रस्ट उभा राहिला, एका उद्योगपतीच्या मृत्युपत्रातून. त्याच वर्षी कराडजवळ काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. ती वाढली गावोगावच्या मूठ-मूठ धान्यावर. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. एका बाजूला संपत्ती ठेवून गेलेला माणूस, दुसरीकडे संपत्ती नसताना शाळा काढणारा. दोन्ही आज याच क्षेत्राची नावं म्हणून सांगितली जातात.

वरोऱ्याचं आनंदवन चालवणारी महारोगी सेवा समिती १९४९ ची. जामखेडचा आरोळे दांपत्याचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प १९७० चा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची सर्च ही आरोग्यसेवा संस्था. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. मुंबईच्या डबेवाल्यांची संघटनासुद्धा १९५६ पासून धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली आहे, हे आमच्या अनेक ग्राहकांना ऐकून नवल वाटतं. पण वहीची बहुतेक पानं भरली आहेत ती ज्यांचं नाव पेपरात कधी येत नाही अशांनी: तालीम, भजनी मंडळ, शिक्षण प्रसारक मंडळ, महिला मंडळ, आणि अ, ब, क, ड वर्गांतली हजारो सार्वजनिक वाचनालयं. आमचा जीव सगळ्यात जास्त यांच्यात गुंतला आहे, कारण यांच्याकडे पगारी लेखनिक नसतो. चिटणीसच झाडू मारतात, तेच पावती फाडतात.

शेड्यूल वनवरची नावं

अशाच एका वाचनालयाचं काम आमच्याकडे आलं. तालुक्याचं गाव. चिटणीस ताई बावीस वर्षं वाचनालय सांभाळत होत्या. इतिवृत्ताच्या वह्या इतक्या सुवाच्य की बघत राहावं. प्रत्येक सभेची नोटीस, प्रत्येक निवडणूक, सूचक-अनुमोदकांसह. पावसाळ्यात छत गळायला लागलं, दुरुस्तीचे पैसे बँकेत होते, पण बँकेने सही बदलून द्यायला नकार दिला. धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे न्यासाचे विश्वस्त आणि मालमत्ता यांची अधिकृत नोंद असते त्या पानाचा, उतारा काढला, तर त्यावर टंकलेखनाच्या फिकट शाईत सात नावं. सहा जण वारलेले. सातवे आजोबा नव्वदीत, मुलीकडे परगावी. ताईंचं नाव कुठेच नाही. इतकी वर्षं काम केलेली बाई कागदावर कुणीच नव्हती.

झालं काय होतं? निवडणुका झाल्या, पण चेंज रिपोर्ट कुणी भरले नाहीत. विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली, पत्ता बदलला, मालमत्ता आली-गेली, तर १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं; तोच चेंज रिपोर्ट. हे राहिलं, की मग प्रत्येक कार्यकाळाचा वेगळा अर्ज, प्रत्येकाबरोबर विलंब माफीचा अर्ज, वारलेल्यांचे मृत्यूचे दाखले, एकामागून एक. ताईंच्या वह्या होत्या म्हणून निभावलं. तरी दोन पावसाळे गेले, आणि तोवर पुस्तकांची कपाटं प्लॅस्टिकखाली होती.

२०१७ च्या दुरुस्तीपासून, काम ठप्प झालेल्या न्यासाची नोंदणी रद्द करण्याची तरतूद कायद्यात आहे. जिवंत संस्था कागदावर मेलेली दिसायला नको, एवढंच आमचं मागणं. निवडणूक झाली की त्याच आठवड्यात फोन करा.

पैसे आणि जागा: वरचेवर विचारलं जाणारं

न्यासाची जागा विकताना, किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देताना, धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. "आधी करार, मग अर्ज" असं करून आलेल्यांना आम्ही फार मदत करू शकत नाही, हे मोकळेपणी सांगतो.

वर्गणी गोळा करणाऱ्या उत्सव मंडळांना कलम ४१क ची तात्पुरती परवानगी मिळते. ती त्या उत्सवापुरती. तिने मंडळ "रजिस्टर" होत नाही. उत्सव संपला की हिशेब द्यायचा.

देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांहून जास्त रक्कम रोखीने घेऊ नका. पावती कितीही सुंदर छापली तरी त्याला सवलत मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आहे, कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या पावतीपुस्तकांवर छापलेलं कलम दाखवून घ्या.

परदेशातल्या नातेवाइकांच्या देणगीबद्दल नेहमी विचारलं जातं. देणाऱ्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे आधी विचारा. भारतीय नागरिक असलेली व्यक्ती परदेशात कमावलेले पैसे बँकेमार्फत पाठवते, ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली आपली आत्या, जरी तिच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी, परदेशी देणगीदारच. ते पैसे परदेशी देणगी नोंदणीशिवाय खात्यात घेणं हा गुन्हा आहे. आत्या घरचीच आहे, हे कारण चालत नाही.

ज्यांचं रुग्णालय आहे त्यांच्यासाठी: वर्षाला पाच लाखांहून अधिक खर्च असलेल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. दारातल्या फलकावर हे ठळक अक्षरात लावा. रुग्णाच्या नातेवाइकाला ते विचारायची वेळ येऊ देऊ नका.

आमच्याकडे येताना

दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, घटनेची प्रत, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट, इतिवृत्ताची वही, सभासद रजिस्टर, बँकेचं पासबुक आणि शेवटच्या निवडणुकीची नोटीस आणा. वहीची पानं सुटी झाली असतील तर चिकटवायच्या भानगडीत पडू नका, तशीच पिशवीत घाला. शेड्यूल वनचा उतारा सापडत नसेल तरी या. तो काढण्यापासूनच सुरुवात करू, आणि सोबत एखाद्या जुन्या सभासदाला आणलंत तर फार बरं; कागदावरचं कोणतं नाव कुणाचं, हे त्यांनाच आठवत असतं.