छातीतील गाठ : जागा आणि वय यांची सांगड कशी बसली

दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, म्हणजे मीडियास्टिनममध्ये, गाठ आढळली की ती नेमकी कुठे आहे आणि रुग्णाचे वय किती, हे दोन्ही प्रश्न आज एकत्रच विचारले जातात. वयाकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत मात्र त्याआधी लहान मुलांनी मोजली आहे.

1889 मध्ये व्हिएन्नातील डॉक्टर पाल्टाउफ यांनी बालकांच्या अचानक मृत्यूंचा संबंध मोठ्या थायमस ग्रंथीशी जोडला. उरोस्थीमागची ही ग्रंथी बालपणी मोठीच असते, वाढत्या वयात आक्रसते आणि दीर्घ आजारातही सुकते. शवविच्छेदनाला येणारी बहुतेक मुले दीर्घ आजाराने गेलेली असल्यामुळे सुकलेली ग्रंथीच स्वाभाविक मानली गेली आणि निरोगी बालकाची ग्रंथी रोगट ठरली. 1895 मधील क्ष-किरणांच्या शोधानंतर तिची सावली चित्रातही दिसू लागली आणि 1907 पासून ती लहान करण्यासाठी बालकांवर किरणांचे उपचार सुरू झाले. अशा काही मुलांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाल्याकडे डफी आणि फिट्झगेराल्ड या डॉक्टरांनी 1950 मध्ये लक्ष वेधले. या इतिहासातला सर्वांत वेदनादायक धडा मला हाच वाटतो.

शस्त्रक्रियेची वाट 1936 मध्ये उघडली. शल्यविशारद अल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायुदौर्बल्याच्या आजाराने ग्रासलेल्या तरुणीच्या थायमसमधील गाठ काढली आणि तिची प्रकृती सुधारली. जागेचे विभाग आधी क्ष-किरण चित्रांवरून पाडले जात. 2014 मध्ये सीटी स्कॅनवर आधारित तीन कप्प्यांची (पुढचा, मधला आणि कण्यालगतचा) आंतरराष्ट्रीय मांडणी पुढे आली.

ज्या कप्प्यात जी ऊती, तिथे तिच्यापासून उद्भवणाऱ्या गाठी, हे त्यामागचे मूळ सूत्र. कण्यालगतच्या गाठी बहुधा मज्जातंतूंच्या असतात: लहान मुलांत न्यूरोब्लास्टोमासारख्या घातक, तर प्रौढांत श्वानोमासारख्या बहुतांशी सौम्य. मधल्या भागात लसिकाग्रंथींची सूज आणि जन्मजात द्रवकोश आढळतात. पुढच्या भागात चाळिशीनंतर थायमोमा (थायमसची गाठ) अधिक दिसतो, तरुणांत लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) आणि जननपेशींच्या, म्हणजे शुक्रपेशी-अंडपेशी घडवणाऱ्या पेशींच्या, गाठी. यांपैकी घातक जननपेशीगाठी जवळजवळ पुरुषांतच होतात. म्हणूनच तरुण पुरुषाच्या छातीत पुढच्या बाजूला मोठी गाठ दिसली, तर शस्त्रक्रियेआधी रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन आणि बीटा-एचसीजी (घातक जननपेशीगाठींत वाढू शकणारे दोन घटक) तपासतात; कारण थायमोमावर मुख्य उपचार शस्त्रक्रिया असली, तरी लिम्फोमा आणि घातक जननपेशीगाठींवर सहसा केमोथेरपीपासूनच सुरुवात करावी लागते.