कुत्र्याचा खाऊ: लाच कुठली, बक्षीस कुठलं

बक्षीस देऊन शिकवा म्हटलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, "म्हणजे लाचच की! खाऊ नसला की ढिम्म हलणार नाही." हे ऐकून ऐकून कान किटले. तक्रार खोटी नसते, त्यांचा कुत्रा खरंच हलत नाही. पण त्यांनी दिलं ते बक्षीस नव्हतंच.

लाच सगळ्यांना पाठ असते. तो येत नाही, तुम्ही बिस्किटाचा पुडा वाजवता, तो येतो. झालं.

बक्षिसात खाऊ आधी दिसत नाही. हाक, मग त्याचं येणं, मग "शाब्बास", आणि सगळ्यात शेवटी खिशातला तुकडा. खाऊ तोच, फक्त क्रम उलटा, आणि सगळी मेख त्या क्रमातच आहे. पुडा आधी वाजला की कुत्र्याच्या लेखी हाक म्हणजे पुड्याचा आवाज; तुमचं "ये" नुसती बडबड. लाच त्याहून वाईट गोष्टही शिकवते. त्यानं चप्पल पळवली, तुम्ही "सोड" म्हणालात. तो दोन हात लांब उभा राहून शेपूट हलवतो. तुम्ही बिस्कीट दाखवता. तो बिस्किटाकडे बघतो, पण चप्पल तोंडातच. तुम्ही दुसरं काढता, तेव्हा सोडतो. चप्पल उचलायची आणि भाव वाढेपर्यंत थांबायचं, हा धडा पक्का झाला.

घोळ होतो तो मधल्या पायरीवर, कारण नवी गोष्ट शिकवताना सुरुवातीला खाऊ दाखवावा लागतोच. चिमटीतला तुकडा नाकापासून डोक्यावरून मागे नेला की मान वर जाते आणि बूड आपसूक टेकतं. ट्रेनर याला ल्युअर म्हणतात. हे चालतं, पण पाच-सहा वेळाच. पुढे हात तसाच फिरवायचा, चिमूट मात्र रिकामी. बूड टेकलं त्याच क्षणी "शाब्बास", आणि तुकडा दुसऱ्या हातातून. तो उठल्यावर दिलात तर बक्षीस उठण्याला मिळालं. हाताची खूण पक्की झाली की आधी "बस" म्हणायचं, क्षणभर थांबून मग खूण करायची. बहुतेक लोक पहिल्याच पायरीवर महिनोन्‌महिने अडकतात आणि खापर खाऊवर फोडतात.

सवय बसली की दर वेळी खाऊ नको. कधी तिसऱ्यांदा, कधी लागोपाठ दोनदा. अंदाज येऊ न देता मिळणाऱ्या बक्षिसाची सवय चटकन सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरनं उंदीर-कबुतरांवर कधीच दाखवलंय.

राहता राहिले "उताणा पाडून दाबून धरा, मालक कोण ते कळू दे" म्हणणारे काका. त्यांचा अल्फा, म्हणजे कळपाला धाकात ठेवणारा म्होरक्या, आला तो संशोधक शेंकेलच्या 1947 सालच्या, बंदिस्त लांडग्यांवरच्या निरीक्षणांतून. जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि पोरं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं. शिवाय घरातला कुत्रा लांडगा नाही. दाबून धरल्यावर तो "बस" शिकत नाही. तुमचा हात जवळ आला की घाबरायला शिकतो, आणि एखादा चावायलाही.

क्लिकर (दाबला की टक्‌ वाजणारी छोटी डबी) वापरा की तोंडानं "शाब्बास" म्हणा, फारसा फरक नाही. पनीर की उकडलेलं चिकन, त्याला विचारा. तुकडा हरभऱ्याएवढा, आणि तेवढं रोजच्या जेवणातून कमी करा. ग्लुकोज बिस्किटाला मात्र माझा ठाम विरोध. साखर तर आहेच, वर भुगा पडतो आणि कुत्रा शिकायचं सोडून फरशी चाटत बसतो.

लाच मुळीच नको असंही नाही. तोंडात उंदराच्या औषधाची वडी असेल तर फ्रीजमधलं सगळं चिकन दाखवा. शिकवणी नंतर.

"ये"चा खाऊ मात्र मी कधीच बंद करत नाही. बाकी आज्ञा चुकल्या तर फार बिघडत नाही, ही रस्त्यावर चुकली तर जीव जातो. आणि आंघोळीसाठी किंवा नखं कापायला "ये" म्हणून बोलावू नका. गुपचूप जाऊन उचलून आणा.