‘पारसनीस’ म्हणजे मूळचे पारशी?

‘पारसनीस आडनावाची घराणी मूळची पारशी, पुढे मराठी झाली’ असा संदेश अधूनमधून फिरत असतो. नावातला ‘पारस’ पाहून असं वाटणं स्वाभाविक आहे, पण ते खरं नाही.

आधी शब्द फोडून पाहू. ‘नीस’ हे फारसी ‘नवीस’चं मराठी रूप, म्हणजे लिहिणारा. चिटणीस, सबनीस, पोतनीस यांतही तोच आहे. ही सगळी हुद्द्यांची नावं. मग उरलेला ‘पारस’ म्हणजे फारसी भाषा. मोगल, निजाम यांच्याशी पत्रव्यवहार फारसीत चाले. ती पत्रं वाचणारा-लिहिणारा दरबारी कारकून तो पारसनीस. १८१८ मध्ये पेशवाई गेली, कामही सरलं, आडनाव मात्र राहिलं.

गोंधळाचं मूळ मोठं सुंदर आहे. पारशी आणि फारसी हे दोन्ही शब्द इराणच्या पार्स प्रांतावरूनच आले. अरबीत ‘प’ नाही, म्हणून पार्सचं फार्स झालं. नातं आहे ते शब्दांचं, रक्ताचं नव्हे.

पडताळायचं असेल तर जुन्या मराठी शब्दकोशात ‘नवीस’ आणि ‘पारसनीस’ पाहा. आणि हुद्दा अनेक दरबारांत असल्याने सगळे पारसनीस एकाच कुळातले, असंही धरून चालू नका.