काडी, छाटणी आणि संघ : सोलापूरच्या द्राक्षांमागचा इतिहास

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाचं वार्षिक अधिवेशन सहसा ऑगस्टमध्ये भरतं. ही वेळ वेलीनं ठरवलेली आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काड्या, म्हणजे वेलीच्या नव्या फांद्या, तोवर पिकून तांबूस झालेल्या असतात, फळ छाटणी महिना-दीड महिन्यावर आलेली असते, आणि बागेच्या मालकाला दोन-तीन दिवस घर सोडायला जरा उसंत मिळते. नान्नज, मार्डी, बोरामणी, वैराग, कासेगाव या गावांतून बागाईतदार निघतात ते याच दिवसांत. पुढच्या सहा महिन्यांत बागेत जे करायचं, त्याचा बराचसा विचार तिथं पक्का होतो.

संघाचं वर्ष कळायचं तर आधी वेलीचं वर्ष समजून घ्यायला हवं. द्राक्ष मुळात थंड हिवाळ्याच्या मुलखातलं पीक. तिकडे हिवाळ्यात वेल पानं टाकते, झोपते आणि वसंतात एकदाच फुटते, म्हणून छाटणीही एकच. सोलापूरच्या हवेत वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये फुटलेल्या फुटव्यांवरच फळ धरलं तर ते ऐन पावसाळ्यात पिकेल आणि सडेल. म्हणून आपल्याकडे दोन छाटण्या आणि एक पीक अशी पद्धत बसली. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, आणि ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी, जिला काही भागांत गोडी छाटणीही म्हणतात, ती घडासाठी. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात ठरतो. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं किंवा पाणी आणि नत्र जास्त झालं, तर घडाच्या जागी बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा नुसता तंतू, निघते. शेतकऱ्याला त्याचा पत्ता लागतो ऑक्टोबरात. म्हणजे उन्हाळ्यात केलेल्या चुकीची शिक्षा दिवाळीत. असं पीक एकट्याच्या अनुभवावर शिकता येत नाही. एका माणसाला वर्षात एकच संधी मिळते, शंभर जणांनी आपापलं सांगितलं तर एका वर्षात शंभर वर्षांचं शिक्षण होतं. संघ उभा राहिला तो या गरजेतून, असं मला ठामपणे वाटतं.

महाराष्ट्रात द्राक्षाची ओळख जुनी आहे. दौलताबादच्या परिसरातल्या द्राक्षांचे उल्लेख मध्ययुगापासून मिळतात. व्यापारी शेतीची सुरुवात मात्र १९२५ साली ओझरला रावसाहेब गायकवाडांनी लावलेल्या बागेपासून मोजतात. त्या काळचे वाण भोकरी, फकडी, पांढरी साहेबी हे, सगळे बियांचे. पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. जी. एस. चिमा यांनी रोपांतून निवड करून चिमा साहेबी दिली. सोलापूरला हैदराबादचा शेजार, तिथल्या अनाब-ए-शाहीचे मोठे, मांसल घड इकडच्यांनी पाहिलेले होते.

संघाची स्थापना १९६० च्या सुमाराची, म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं तेव्हाची. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चं आहे आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ चं. या तीन तारखा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ठळक दिसते : शेतकऱ्यांची संघटना आधी उभी राहिली, विद्यापीठ नंतर आलं आणि द्राक्षाचं खास संशोधन केंद्र तर पुढची पिढी बागेत उतरल्यावर. मधल्या काळात थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची जात आली, घड जिबरेलिक ॲसिड (जीए) या वाढीच्या संजीवकाच्या द्रावणात बुडवून मणी लांबवण्याचं तंत्र आलं, मांडव आले आणि पुढे वाय पद्धतीची तारबांधणी आली. यातलं बरंच बागाईतदारांनी एकमेकांच्या बागेत उभं राहून शिकून घेतलं. ‘जीए किती पीपीएम, कितव्या दिवशी’ हा प्रश्न आजही चर्चासत्रात सर्वांत आधी विचारला जातो.

संघाचं कामकाज पुणे, नाशिक, सांगली आणि सोलापूर अशा चार विभागांत चालतं. सोलापूरला स्वतंत्र विभाग मिळाला यामागे या जिल्ह्याचं स्वतःचं कर्तृत्व आहे, आणि त्यात पहिलं नाव नान्नजचं.

उत्तर सोलापूर तालुक्यातलं नान्नज बाहेरच्यांना माळढोक अभयारण्यामुळे ठाऊक असतं. माळढोक राहतो म्हणजे जमीन कशी असेल ते सांगायला नको : हलकी, मुरमाड, उघडा माळ. त्याच गावात नानासाहेब काळे यांनी थॉम्पसनच्या बागेत वेगळ्या दिसणाऱ्या वेलीवर नजर ठेवली, तिची काडी वाढवली आणि लांब मण्यांचा सोनाका हा वाण दिला. नावातली अक्षरं सोलापूर, नान्नज आणि काळे यांची. किशमिश चोर्नी या काळ्या वाणातून निवडलेली शरद सीडलेस हीसुद्धा त्यांचीच. पुढे त्यांच्या घरातून आणखी वाण आले. तिकडे तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना थॉम्पसनमध्येच तास-ए-गणेश सापडला. आज देशी बाजारात लांब मण्याचं द्राक्ष म्हणून जे विकलं जातं, त्यातलं पुष्कळसं सोनाका किंवा तिच्यापासून पुढे निघालेल्या सुपर सोनाकासारख्या वाणांचं असतं.

ही निवड प्रयोगशाळेत झालेली नाही. हजारो वेलींत एखाद्या फांदीवर निसर्गतः बदल होतो आणि तिचे मणी जरा लांब, जरा जाड येतात. रोज बागेत फिरणाऱ्याच्याच ते लक्षात येतं. मग त्या फांदीची काडी वेगळी लावायची, तीन-चार हंगाम पाहायचं, गुण टिकतो का ते तपासायचं. मात्र फळ एका बागेत उतरून भागत नाही, काडी पसरावी लागते. त्या काळी ती पाहुण्यांमार्फत, ओळखीपाळखीनं, बाग पाहायला आलेल्या माणसाच्या पिशवीतून पसरली. संघाच्या बैठकांनी त्या पसरण्याला गती दिली. मराठी शेतीच्या इतिहासात याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही, ही माझी तक्रार आहे.

पाण्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं. १९७२ च्या दुष्काळानं या जिल्ह्याला पाण्याची किंमत शिकवली. १९८० च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झालं, पण त्याचं पाणी बहुतेक उसाकडे गेलं. माळरानावरच्या द्राक्षाला जगवलं विहिरींनी, बोअरनं आणि नंतर ठिबकनं. उलट हलक्या जमिनीचा एक फायदा झाला : पाणी साचत नाही, मुळ्या कुजत नाहीत आणि पाणी तोडून वेलीवर हवा तसा ताण देता येतो. अडचण निघाली ती पाण्यातल्या क्षारांची. विहिरी खोल गेल्या तसं पाणी मचूळ झालं, पानांच्या कडा जळू लागल्या आणि स्वतःच्या मुळांवर लावलेल्या बागा खंगू लागल्या. यावर उत्तर म्हणून खुंटरोपं आली. डॉगरिज हा रानटी द्राक्षाचा खुंट क्षार आणि पाण्याचा ताण दोन्ही सोसतो. आधी खुंट लावायचा आणि पावसाळा सरता सरता त्याच्यावर हव्या त्या वाणाची काडी कलम करायची. १९९० च्या दशकात हे तंत्र रुजवण्यात संघाच्या चर्चासत्रांचा आणि शिवारफेऱ्यांचा मोठा हात होता. आज खुंटाशिवाय नवी बाग लावायचा विचार क्वचितच कोणी करतो.

बेदाण्याची गोष्ट सांगलीच्या जोडीनं सांगावी लागते. फेब्रुवारी ते एप्रिल सोलापूर-सांगोला पट्ट्यातली हवा कोरडी आणि वाऱ्याची असते. सांगोला तालुक्यात जुनोनीच्या माळावर बेदाण्याची शेड ओळीनं उभी आहेत आणि सांगलीकडच्या बागांतलं द्राक्षही तिथं वाळायला येतं. पद्धत अशी : पिकलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायचे, म्हणजे मण्यावरचा मेणासारखा थर सुटतो. मग सावलीत जाळ्यांच्या मजल्यांवर पसरायचे. हवा चांगली असली तर दोन-तीन आठवड्यांत माल तयार होतो, मग गंधकाची धुरी देतात, प्रतवारी होते आणि माल शीतगृहात जातो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. शेडमध्ये माल असताना अवकाळी पाऊस आला की बेदाणा काळा पडतो आणि वर्षाची मेहनत निम्म्या भावावर येते. पण ताज्या द्राक्षाला भाव नसेल तेव्हा बेदाणा हाच आधार असतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माल झाडावर, व्यापारी परत गेलेले आणि गाड्या बंद अशी स्थिती होती. ज्यांना शेड मिळाली ते तरले. बेदाणा करणं माहीत नसलेल्यांनीही त्या महिन्यात ताडपत्र्या अंथरून द्राक्ष वाळवलं.

निर्यातीत नाशिक कायम पुढे राहिलं, सोलापूरचा ओढा देशी बाजार आणि बेदाण्याकडे. तरी निर्यातीच्या धक्क्यांनी इथली फवारणीही बदलली. १९९१ साली महाग्रेप्स ही द्राक्ष निर्यातीची संस्था स्थापन झाली आणि सहकारी संस्थांचं द्राक्ष युरोपात जाऊ लागलं. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि त्यातून उर्वरित अंश तपासणीची व्यवस्था उभी राहिली. २००६ मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही नोंदणी व्यवस्था आली, निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी होऊ लागली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड म्हणजे बागाईतदारांच्या तोंडचं सीसीसी, त्याचे अंश सापडल्यानं पुन्हा माल अडला. हे औषध काडीची वाढ रोखण्यासाठी खरड छाटणीनंतर सर्रास वापरलं जात होतं. तेव्हापासून चर्चासत्रांत ‘कोणतं औषध मारायचं’ याच्या बरोबरीनं ‘काढणीआधी किती दिवस थांबायचं’ हेही सांगितलं जाऊ लागलं. माझ्या मते संघाच्या कामातला हा सर्वांत मोलाचा बदल आहे, कारण तो निर्यातदारांपुरता राहिला नाही. सोलापूरच्या बाजारात जाणाऱ्या घडालाही त्याचा उपयोग झाला.

आता हवेचं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस फुलोऱ्यातल्या बागांवर पडला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं काढणीला आलेले घड झोडपले, सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. २०२० च्या ऑक्टोबरात ऐन छाटणीच्या दिवसांत अतिवृष्टी झाली, २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. ओल्या हवेत डाऊनी हा बुरशीसारखा रोग येतो आणि फुलोऱ्यात आला तर घडच जातो. रात्रभर पाऊस पडून पहाटे उघडला की शेतकरी अंधारातच ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडून बागेत शिरतो. हे ज्यानं पाहिलंय त्याला फवारणीचा खर्च का वाढतो ते समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालायला अनुदान द्या ही मागणी संघानं लावून धरली. आच्छादनाचा एकरी खर्च लहान बागाईतदाराला एकट्यानं पेलणारा नाही.

तर आता संघाचं वर्ष साधारण असं जातं. मार्च-एप्रिलमध्ये खरड छाटणीची चर्चासत्रं विभागवार होतात. उन्हाळ्यात माती, पाणी आणि पानदेठ तपासणीचे अहवाल वाचून खतांचा हिशेब बसवायचा. ऑगस्टमध्ये अधिवेशन. सप्टेंबरात काडी तपासणी : सूक्ष्मदर्शकाखाली डोळा कापून आत घड आहे की नाही ते पाहायचं आणि किती डोळ्यांवर छाटायचं ते ठरवायचं. त्याच सुमारास फळ छाटणीची चर्चासत्रं. ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक या सगळ्याला वर्षभर जोडून ठेवतं. हंगाम सुरू झाला की कामाचं स्वरूप पालटतं. पैसे न देता पळालेल्या व्यापाऱ्यांचा बंदोबस्त, पीकविमा, बांगलादेशानं वाढवलेलं आयात शुल्क, बाहेरून येणारा बेदाणा, शालेय पोषण आहारात बेदाण्याचा समावेश, अशी निवेदनं घेऊन पदाधिकारी मंत्रालयाच्या आणि दिल्लीच्या वाऱ्या करतात. निवेदनांची संख्या वाढली आहे आणि त्यात वावगं काही नाही. पण सोलापूर विभागातल्या तरुण बागाईतदारांनी चर्चासत्रांचा आग्रह सोडू नये असं मला मनापासून वाटतं. भावासाठी भांडणाऱ्या संघटना पुष्कळ आहेत, काडीचा डोळा वाचायला शिकवणारी ही एकच.

आणि पुढच्या काही वर्षांत सर्वांत कळीचा विषय पुन्हा काडीचाच असणार आहे. रंगीत, टिकाऊ, कमी मजुरीत तयार होणारे परदेशी वाण आता पेटंटसह येतात. त्यांची काडी शेजाऱ्याला देता येत नाही, रोपामागे किंवा मालामागे स्वामित्वशुल्क द्यावं लागतं, आणि माल कोणाला विकायचा यावरही काही वेळा अट असते. मांजरीच्या केंद्रानं मांजरी किशमिश, मांजरी नवीन, मांजरी श्यामा हे वाण दिले आहेत, पण बागाईतदारांच्या अपेक्षेपेक्षा त्यांचा प्रसार हळू आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्यालाही आपल्या निवडीची नोंदणी करता येते आणि द्राक्षातल्या काही शेतकऱ्यांनी ती केलीही आहे. ज्यानं आयुष्य घालवून वाण शोधला त्याला त्याचं मोल मिळायलाच हवं. नान्नजच्या काळात ते जवळजवळ मिळत नव्हतं. पण दोन एकरवाल्याला ती काडी परवडेल अशीही व्यवस्था लागेल. संघानं सदस्यांच्या वतीनं एकत्र परवाने घ्यावेत, स्वतःच्या रोपवाटिकेतून रोपं द्यावीत आणि गावोगावच्या निवडींची नोंदणी करायला मदत करावी, ही मागणी सोलापूर विभागानं अधिवेशनात लावून धरायला हवी. जुनी मोकळी देवाणघेवाण परत येणार नाही. तिच्या जागी काय येणार ते ठरवताना नान्नज, मार्डी, कासेगावचे बागाईतदार बोलणीच्या टेबलाशी बसलेले असले पाहिजेत.