नावे डावीकडे, जमा उजवीकडे : वाणिज्य शाखेच्या पहिल्या धड्याची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला बसलेल्या विद्यार्थ्याची वित्तीय लेखांकनाशी खरी गाठ पडते ती जमा (क्रेडिट) आणि नावे (डेबिट) या दोन शब्दांपाशी. त्याने बँकेत ५,००० रुपये भरले की पासबुकात त्याच्या नावापुढे ‘जमा ५,०००’ असे छापून येते. वर्गात मात्र त्याच व्यवहाराची नोंद करताना बँकेचे खाते नावे करावे, असे त्याला शिकवले जाते. यात विसंगती नाही. पासबुक ही बँकेच्या वहीतल्या त्याच्या खात्याची नक्कल असते आणि बँक त्याचे पैसे देणे लागत असल्याने बँकेच्या दृष्टीने तो धनको असतो, तर त्याच्या स्वतःच्या वहीत बँक ही ऋणको असते. एवढे स्पष्टीकरण मिळूनही अनेकांचा गोंधळ कायम राहतो, आणि माझ्या मते तो दोष विद्यार्थ्याच्या आकलनाचा नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या कारणांसाठी घडलेल्या हिशोबाच्या तीन परंपरा या धड्यात एकमेकींवर बसवलेल्या आहेत आणि त्यांचे सांधे आजही उघडे दिसतात.

पहिली परंपरा दरबारी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या ज्या रोजकीर्दी जपलेल्या आहेत, त्यांत राज्याच्या खजिन्यात काय आले आणि काय गेले याची दिवसागणिक नोंद आहे. या हिशोबातली जोडी जमा आणि खर्च अशी आहे : आले ते जमा, गेले ते खर्च. हे दोन्ही शब्द अरबी मुळाचे असून फारसी राज्यकारभारातून मराठीत आले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले, तरी हिशोबाच्या कामातले हे शब्द लोकांच्या तोंडून काही गेले नाहीत. विसाव्या शतकात मराठी माध्यमासाठी परिभाषा घडवताना ‘पुस्तपालन’, ‘लेखाकर्म’, ‘नामधारी खाते’ असे संस्कृत वळणाचे शब्द पुन्हा तयार झाले; पण पहिल्या नोंदीच्या वहीला ‘रोजकीर्द’, शिलकांच्या यादीला ‘तेरीजपत्रक’ आणि वर्षअखेरीच्या स्थितिदर्शक पत्रकाला ‘ताळेबंद’ हीच नावे राहिली. जुन्या दफ्तरात तेरीज म्हणजे हिशोबाचा गोषवारा, आणि ताळा पाहणे म्हणजे केलेली बेरीज बरोबर आहे की नाही ते पडताळणे. त्यामुळे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला हे शब्द अर्धे ओळखीचे वाटतात. अडचण इतकीच की शब्द दरबारी असले तरी त्यांच्या आत बसवलेली पद्धत दरबाराची नाही.

दुसरी परंपरा पेढीची. मुंबईच्या बाजारात गुजराती, मारवाडी आणि कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांत जे नामे, म्हणजे देशी पद्धतीचे हिशोब, लिहिले जात असे, त्यातली जोडी जमा-खर्च नव्हे तर जमा-नावे अशी होती. या पद्धतीत पान डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असे विभागलेले असे आणि शाईने रेघा मारण्याऐवजी कागदाला घड्या घालून पाडलेल्या सळांनी रकाने होत. रोकडमेळात, म्हणजे रोख रकमेच्या वहीत, डाव्या बाजूला ‘अमक्याचे जमा’ असे लिहिले जाई, म्हणजे ज्याने रक्कम दिली त्याच्या खात्यात ती जमा धरली जाई. रोकड आली हे त्यातून कळेच, परंतु नोंद रोकडीच्या नावाने नसून देणाऱ्या माणसाच्या नावाने असे.

हा फरक बारीक आहे, पण महत्त्वाचा आहे. इंग्रजी वळणाच्या रोकड पुस्तकातही आलेली रक्कम डावीकडेच लिहितात. मात्र तिथे ते पुस्तक म्हणजे रोकडीचे स्वतःचे खाते मानले जात असल्याने त्या बाजूचे नाव जमा नव्हे, तर नावे असे असते. आलेला पैसा दोन्ही वह्यांत डाव्याच बाजूला बसतो, आणि त्या बाजूचे शीर्षक मात्र बरोबर उलटे असते. आजोबांच्या दुकानातली चोपडी पाहिलेला विद्यार्थी महाविद्यालयात येऊन फळ्यावर डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा असे पाहतो, तेव्हा शिक्षकांचीच चूक झाली असावी असे त्याला वाटले तर त्यात नवल नाही.

देशी नामे पद्धत ही युरोपच्याही आधीची द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत नोंदवण्याची पद्धत, होती असा दावा अधूनमधून केला जातो. पेढ्यांवरच्या दिवाणजींचे आणि मेहतांचे कौशल्य मान्य करूनही हा दावा स्वीकारणे मला कठीण वाटते, कारण त्याला आधार म्हणून तितक्या जुन्या वह्या दाखवाव्या लागतील.

तिसरी परंपरा इटलीतली. जिनोआच्या नगरशासनाच्या १३४० सालच्या वह्यांत प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत समान रकमेने नोंदवलेला आढळतो, आणि खासगी व्यापाऱ्यांच्या काही वह्या त्याहूनही जुन्या आहेत. दूरदेशी माल पाठवणारे भागीदार, दलाल आणि सराफ यांच्यात कोण कोणाचे किती देणे लागतो हे लक्षात ठेवणे, ही या पद्धतीमागची मूळ गरज होती. म्हणून सुरुवातीची खाती माणसांची होती. लॅटिनमध्ये ‘देबेत’ म्हणजे ‘तो देणे लागतो’ आणि ‘क्रेदेरे’ म्हणजे विश्वास ठेवणे. डेबिट आणि क्रेडिट या शब्दांची मुळे इथे आहेत. माल, रोकड, भाडे, व्याज यांची खाती पुढे उघडली गेली तेव्हा माणसांसाठी केलेले शब्द निर्जीव वस्तूंनाही लावावे लागले. ‘भाडे खाते नावे’ म्हणताना भाडे कोणाचे काय देणे लागते, असा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला पडतो, त्याने नेमके या ताणलेल्या शब्दावर बोट ठेवलेले असते.

दुब्रोव्हनिकच्या बेनेदेत्तो कोत्रुल्यी या व्यापाऱ्याने १४५८ साली या पद्धतीविषयी लिहिले होते, पण ते लेखन छापले गेले १५७३ साली. त्याआधीच, १४९४ मध्ये, लुका पाचोली या फ्रान्सिस्कन धर्मगुरूचा गणितावरचा मोठा ग्रंथ व्हेनिसमध्ये छापून झाला आणि त्यातल्या हिशोबावरच्या एका प्रकरणामुळे द्विनोंदी पद्धतीचा जनक ही पदवी पाचोलीकडे गेली. प्रत्यक्षात व्हेनिसचे व्यापारी वापरत असलेली रीत त्याने नीट मांडली, एवढेच त्याचे श्रेय आहे, आणि तेही लहान नाही. आधी मालमत्तेची यादी करावी, मग कच्ची वही, मग रोजकीर्द, मग खातेवही, असा क्रम त्याने दिला. रोजकीर्दीत एक नोंद केली की खातेवहीत तिच्या दोन व्हाव्यात, हेही सांगितले. वहीच्या आरंभी देवाचे नाव घालावे आणि पहिल्या वह्यांवर क्रूसाची खूण करावी, असा त्याचा सल्ला वाचताना लक्ष्मीपूजनाला नव्या चोपडीवर ‘श्री’ लिहिणाऱ्या आपल्या दुकानदाराची आठवण होते.

या इटालियन पद्धतीला नियमांचे रूप मिळाले ते इंग्लंडमधल्या क्रमिक पुस्तकांत. व्यक्तिगत (माणसांची), वास्तव (वस्तूंची) आणि नामधारी (खर्च-उत्पन्नाची) असे खात्यांचे तीन वर्ग आणि ‘घेणारा नावे, देणारा जमा, येणारी वस्तू नावे, जाणारी वस्तू जमा, खर्च व तोटा नावे, उत्पन्न व लाभ जमा’ हे तीन नियम आपल्याकडे त्या वाटेने आले. अमेरिकेत चार्ल्स स्प्रेग याने १८८० पासून मालमत्ता म्हणजे देणी अधिक भांडवल या समीकरणावरून सारे लेखांकन उलगडून दाखवले. आपल्या पुस्तकांत आता हे समीकरणही असते आणि तीन नियमही असतात. दोन्हींचे उत्तर एकच येत असले तरी त्यांचा संबंध क्वचितच उलगडून सांगितला जातो, म्हणून विद्यार्थी नियम पाठ करतो आणि समीकरण हा वेगळा धडा समजतो.

ताळेबंदाची उलटी बाजूही इंग्लंडचीच देणगी आहे. खातेवहीत मालमत्तेची शिल्लक नावे, म्हणजे डावीकडे असते. पण १८५६ च्या इंग्लिश कंपनी कायद्याला जोडलेल्या नमुन्यात भांडवल व देणी डावीकडे आणि मालमत्ता उजवीकडे छापली गेली. भारतातल्या ताळेबंदांनी तेच वळण घेतले, तर अमेरिकेत मालमत्ता डावीकडेच राहिली. परदेशी पुस्तकातून अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलांना इथे पुन्हा एकदा डावे-उजवे करावे लागते.

हा विषय विद्यापीठात पोहोचला तो मुंबईत. १९१३ साली मुंबई विद्यापीठाशी संलग्न असे वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले आणि गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे नाव त्याला मिळाले. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच १९१३ साली आलेल्या भारतीय कंपनी कायद्याने हिशोबतपासनीसाच्या पात्रतेला कायदेशीर महत्त्व दिले आणि १९१८ मध्ये मुंबई सरकारने लेखाशास्त्राची शासकीय पदविका सुरू केली, जिच्यासोबत मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षांची उमेदवारी करावी लागे. सनदी लेखापालांची (सीए) संस्था १ जुलै १९४९ रोजी स्थापन झाली ती या वाटेचा पुढचा टप्पा म्हणून. पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ साली निघाले होते. आरंभापासून या शिक्षणाचा रोख कंपन्या आणि हिशोबतपासणी यांच्याकडे होता. पेढीवरचे नामे या अभ्यासक्रमाच्या कडेलाच राहिले आणि पुढे दिसेनासे झाले.

बाजार मात्र इतक्या झटपट बदलला नाही. सरकारचे आर्थिक वर्ष १८६७ पासून एप्रिल ते मार्च असे होते, तरी दिवाळी ते दिवाळी हिशोब ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांना आयकरासाठी तेच वर्ष वापरण्याची मुभा कित्येक दशके मिळत राहिली. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून सर्वांसाठी ३१ मार्च ही एकच अखेर ठरली, तेव्हा अनेक दुकानांत पूजेची चोपडी आणि कराची वही या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

त्या सुमारास संगणकही आला होता. बंगळुरूच्या गोएंका पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या कंपनीच्या टॅली या प्रणालीने खतावणी करण्याचे, म्हणजे रोजकीर्दीतल्या नोंदी खात्यांत उतरवण्याचे, कष्ट संपवले : व्हाउचर (व्यवहाराची नोंद) एकदा भरले की खातेवही, तेरीजपत्रक आणि ताळेबंद आपोआप तयार होतात. आज तालुक्याच्या गावीही टॅलीचे वर्ग चालतात आणि नोकरीच्या जाहिरातीत पदवीबरोबर टॅलीची अट असते. कंपन्यांच्या ताळेबंदाचे दोन बाजूंचे रूपही २०११ साली गेले. कंपनी कायद्याच्या सुधारित परिशिष्टाने आणि नंतर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाने केवळ उभा, म्हणजे सर्व बाबी एकाखाली एक लिहिण्याचा, नमुना मान्य केला. तरी एकल व्यापाऱ्याच्या अंतिम खात्यांचे उदाहरण सोडवताना पहिल्या वर्षाचा विद्यार्थी अजूनही पानाच्या मधोमध उभी रेघ मारतो आणि देणी डावीकडे, मालमत्ता उजवीकडे लिहितो. संध्याकाळी टॅलीच्या वर्गात तो पडद्यावर ताळेबंद उघडतो, तेव्हा तिथेही ती रेघ आणि त्याच दोन बाजू त्याला दिसतात.