कलम ३७७ विरोधी लढा : अग्रक्रम आणि डावपेच

प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा ठरू नयेत, यासाठी भारतात सुमारे पाव शतक चाललेला लढा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ नुसार ‘अनैसर्गिक’ शरीरसंबंधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. प्रत्यक्ष शिक्षा क्वचित होई. धाक दाखवून पैसे उकळणे, मारहाण आणि बदनामी मात्र सर्रास चाले.

सुरुवात आरोग्याच्या प्रश्नापासून झाली. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात निरोध वाटायला नकार मिळाला, तेव्हा ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या गटाने दिल्ली उच्च न्यायालयात पहिली याचिका केली; ती पुढे बारगळली. त्याच वर्षी मुंबईत अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने हमसफर ट्रस्ट उभा राहिला. जुलै २००१ मध्ये लखनऊला एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणारे चार कार्यकर्ते याच कलमाखाली पकडले गेले आणि ४७ दिवस कोठडीत राहिले. डिसेंबरात नाझ फाउंडेशनने दिल्लीत याचिका दाखल केली. कायद्याच्या भीतीने पुरुष लपून राहतात, त्यांच्यापर्यंत उपचार पोचत नाहीत, हा तिचा एक मुख्य मुद्दा होता. डाव नेमका बसला : गृह मंत्रालय विरोधात उभे असताना राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने याचिकेला पूरक प्रतिज्ञापत्र दिले.

या मांडणीत स्त्रिया मात्र कुठेच नव्हत्या. लेस्बियन स्त्रीची कोंडी पोलीस चौकीपेक्षा घरात जास्त होते : नजरकैद, मारहाण, बळजबरीचे लग्न. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्री संगम’ (पुढे लेबिया) सारख्या गटांचे काम याच प्रश्नांभोवती होते.

दुसरा पेच मागणीच्या मर्यादेचा. मुलांवरील आणि पुरुषांवरील लैंगिक अत्याचारासाठी तेव्हा हेच कलम वापरले जाई. म्हणून ते रद्द करा असे न म्हणता, प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध त्यातून वगळा, एवढेच मागितले गेले. कायद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते. पण ‘खासगी’ म्हणायला दाराला कडी असलेली खोली लागते. रस्त्यावर आणि बागेत पोलिसांचा मार खाणाऱ्या हिजडा आणि कोथी (बायकी वळणाचे समलिंगी पुरुष) व्यक्तींकडे ती नव्हती. ‘व्हॉइसेस अगेन्स्ट ३७७’ या आघाडीने खटल्यात उतरून त्यांच्यावरील अत्याचार न्यायालयापुढे ठेवले, आणि हा हस्तक्षेप फार मोलाचा ठरला. २ जुलै २००९ रोजी न्या. अजित प्रकाश शहा (मूळचे सोलापूरचे) आणि न्या. एस. मुरलीधर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात ही मागणी मान्य केली. त्यांचा निकाल आरोग्य आणि खासगीपणापाशी थांबला नाही. समता, प्रतिष्ठा आणि डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत मांडलेली घटनात्मक नीतिमत्ता (रूढ नीतीपेक्षा संविधानाची मूल्ये वरचढ मानणे) हा त्याचा कणा होता.

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि समलिंगी व पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींची संख्या अत्यल्प असल्याचे म्हटले. संसदेची वाटही बंद निघाली : २०१५ मध्ये खासदार शशी थरूर यांचे याच मागणीचे खासगी विधेयक मांडण्याच्या टप्प्यावरच फेटाळले गेले. मग डावपेच बदलले. संस्थांच्या आडोशाला न राहता माणसे स्वतःच्या नावाने पुढे आली. २०१६ मध्ये नवतेज जोहर व इतर चौघांनी, २०१८ मध्ये आयआयटीच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी याचिका केल्या. मधल्या काळात, २०१७ मध्ये, खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संमतीचे संबंध कायमचे गुन्ह्याबाहेर गेले.

पुढची मागणी विवाहाची होती. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनापीठाच्या पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. याच खटल्यात काही याचिकाकर्त्यांनी रक्ताच्या कुटुंबाकडून होणाऱ्या हिंसेपासून संरक्षण आणि स्वतः निवडलेल्या कुटुंबाला मान्यता मागितली होती. पारलिंगी संघटनांचा भर शिक्षण व नोकरीतील समांतर आरक्षणावर (प्रत्येक प्रवर्गाच्या कोट्यातच त्यांच्यासाठी काही जागा) आहे. तो प्रश्न पारलिंगी व्यक्तींचे हक्क मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालापासून लोंबकळत आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ची जागा घेणारी तरतूदच नाही. प्रौढ पुरुषांवरील अत्याचाराविरुद्धचे जे संरक्षण शिल्लक ठेवण्यासाठी मागणी आखडती घेतली होती, तेही त्याबरोबर गेले. बलात्काराच्या व्याख्येत पीडित म्हणून फक्त स्त्री आहे. प्रौढ पुरुषासाठी तशी तरतूद नाही, आणि पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला त्यांच्या हक्करक्षणासाठीच्या २०१९ च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा आहे.